पेन्सिलच्या एका ठिपक्याबद्दल

ताई,

तुमचं नाव लिहीत नाही, ते तुम्हाला आवडणार नाही. पण त्या दिवशी आमच्या मुलांना सावरलंत, त्याचे आभार मात्र चारचौघांतच मानायचे आहेत, म्हणून हे उघड पत्र.

ऐन सुट्टीत ती बातमी आली. माणसं गेली होती, त्यात मुलंही होती. त्या पहिल्या संध्याकाळचं अजून सलतं. मोठी माणसं एकमेकांना "मुलांसमोर नको" म्हणून खुणावत होती आणि टीव्ही तसाच चालू होता. शाळेच्या ग्रुपवर फोटो आला, खाली मृतांचा आकडा. कुणी "ते सगळे झोपलेत" असं सांगून मोकळं झालं. ज्यांच्याकडून धीराच्या दोन शब्दांची अपेक्षा होती, त्यांनी "मुलं काय, दोन दिवसांत विसरतात" म्हणून विषय मिटवला. आपल्या विचारण्याने मोठ्यांचे चेहरे पडतात हे मुलांच्या लगेच लक्षात येतं, आणि ती विचारणं बंद करतात. त्यालाच आपण विसरणं म्हणतो.

तुम्ही आल्या आल्या जमिनीवर मांडी घालून बसलात. आधी टीव्ही बंद केलात. मग भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून मुलांच्या मध्ये ठेवलंत. हातात साधी पेन्सिल होती. लाल पेनाने केलेली खूण धोक्याची वाटते, म्हणून पेन्सिल, हे तुम्ही नंतर सांगितलंत. ती सगळ्यात धाकट्याच्या हातात दिलीत आणि म्हणालात, "ते या दिवशी झालं. इथे एक बारीक ठिपका दे." त्याने दिला. मग त्या ठिपक्यापासून आजच्या तारखेपर्यंत त्याच्याकडूनच घरं मोजून घेतलीत. एक, दोन, तीन. आजच्या घरात दुसरा ठिपका. "हे झालं ते इथे. आपण बसलोय ते इथे." एवढंच.

त्याला मिनिटभरही लागलं नसेल. पण लहान मुलाला तेच दृश्य दहा वेळा दिसलं की तीच घटना दहा वेळा घडली असं वाटू शकतं. २००१ मध्ये न्यूयॉर्कचे मनोरे कोसळले तेव्हा, दर वेळी नवी इमारत पडते आहे असा काही लहान मुलांचा समज झाला होता. त्या ठिपक्याने घटना एका घरात बसवली. नंतर कुणाच्या मोबाइलवर तेच दृश्य दिसलं की मुलं स्वतःच विचारायची, "हे ठिपक्यातलंच ना?" हो, ठिपक्यातलंच.

चार वर्षांच्या आतल्या मुलांना तारखा कळत नाहीत, तिथे कॅलेंडर चालत नाही, हेही तुम्ही बजावलंत. त्यांना "काल आपण झोपायच्या आधी" असं त्यांच्याच दिवसातल्या गोष्टीला धरून सांगायचं. कॅलेंडर जवळ नसेल तर कागदावर सात चौकोन काढले तरी पुरतं.

बाकी जे शिकवलंत ते इतर आईबाबांच्या उपयोगी पडावं म्हणून इथे लिहितो आहे. सांगण्याआधी विचारायचं, "तू काय ऐकलंस?" आणि मग गप्प बसायचं. मुलाकडची गोष्ट बऱ्याचदा खऱ्यापेक्षा भयंकर असते, कधी आपल्यापेक्षा जास्त खरी असते. चुकलं असेल तेवढंच दुरुस्त करायचं. मग दोन-तीन वाक्यं : काय झालं, कुठे झालं, आता तिथे मदतीला कोण आहे. हे दिवसाउजेडी सांगायचं, अंथरुणावर पडल्यावर नाही, कारण रात्री मुलाला प्रश्न सुचतात आणि विचारायला कुणी जागं नसतं.

शब्दांच्या बाबतीत तुम्ही ऐकून घेतलं नाहीत, आणि बरं केलंत. "मेले" असंच म्हणायचं. "झोपले" म्हटलं की मूल झोपायला घाबरतं. "गेले" म्हटलं की ते "परत कधी येणार" म्हणून विचारत राहतं. मानसशास्त्रज्ञ मारिया नागी यांचा बुडापेस्टमधल्या मुलांवरचा अभ्यास १९४८ साली प्रसिद्ध झाला. पाचच्या आतल्या मुलांना मृत्यू म्हणजे कुठेतरी जाणं किंवा झोपणं वाटतं, तो कायमचा असतो हे त्यांना उमगत नाही, असं त्यात दिसलं होतं. त्यामुळे तोच प्रश्न विसाव्यांदा आला तर तो हट्ट नव्हे. उत्तर त्याच शब्दांत, त्याच आवाजात द्यायचं. शब्द बदलले की मुलाला वाटतं, आता काही नवीन घडलं.

"आपल्याला कधीच काही होणार नाही" असं वचन द्यायचं नाही. सात-आठ वर्षांच्या मुलाला ते खोटं आहे हे कळतं, आणि मग आपलं खरंही खोटं वाटायला लागतं. "आत्ता आपण सुरक्षित आहोत, मी इथे आहे" एवढं खरं असतं आणि पुरतंही.

आमच्यासाठीही तुम्ही नियम घातलात. बातम्या दिवसातून एकदा, वाचून, व्हिडिओ न बघता, आणि मोबाइलवरचं ऑटोप्ले बंद. २०१३ च्या बॉस्टन मॅरेथॉनमधल्या स्फोटांनंतर एक अभ्यास झाला होता. पुढच्या आठवड्यात रोज सहा तास किंवा त्याहून जास्त वेळ त्या बातम्यांत घालवणाऱ्यांमध्ये, प्रत्यक्ष घटनास्थळी असलेल्यांपेक्षाही जास्त ताण आढळला. तीही मोठी माणसं होती. किशोरवयातल्या मुलाच्या हातून मोबाइल हिसकावून उपयोग नाही, तो दुसरीकडे बघेल. त्याच्या शेजारी बसून बघायचं आणि मध्येच थांबवून विचारायचं, तुला काय वाटतं?

मुलं पाच मिनिटं रडून खेळायला पळाली, तेव्हा कुणीतरी "यांना काही वाटतच नाही" म्हणालं. मुलांचं दुःख असंच येतं, थोडं थोडं, मध्ये खेळ घेऊन, हे तुम्ही तिथल्या तिथे सांगितलंत. ठोकळे रचून पाडायचे, पुन्हा रचायचे, पुन्हा पाडायचे, हा खेळ अडवायचा नाही. पोटदुखी, अंथरूण ओलं होणं, आईला सोडून न जाणं हे काही आठवडे चालू शकतं. महिना उलटल्यावरही झोप, खेळ आणि शाळा रुळावर येत नसतील तर तज्ज्ञांकडे न्यायचं.

सुट्टी अर्धवट टाकायची का, या प्रश्नावरही तुम्ही उपदेश केला नाहीत. झोपायची आणि जेवायची वेळ मोडू नका, एवढंच म्हणालात. आणि मुलांना म्हणालात, "हसू आलं तर हसायचं." मोठ्यांपैकी दोघंतिघं तेव्हा पहिल्यांदा रडली.

कुणालाही बोलतं करायचा प्रयत्न तुम्ही केला नाहीत. घटनेनंतर लगेच एका बैठकीत सगळं वदवून घेण्याची पद्धत एकेकाळी सर्रास होती. पुढे वैद्यकीय संशोधनांची एकत्र छाननी करणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या आढाव्यात तिचा फायदा दिसला नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मानसिक प्रथमोपचारांची २०११ ची पुस्तिकाही हेच सांगते : जबरदस्तीने बोलायला लावू नका. पण पुस्तिकेत हे वाचणं वेगळं, आणि कोपऱ्यात गप्प बसलेल्या मुलीशेजारी तिच्याइतकंच गप्प अर्धा तास बसणं वेगळं. तुम्ही बसलात. शिकून आलेली माणसं पुष्कळ भेटतात, पण दुसऱ्याच्या मुलासाठी थंड फरशीवर अर्धा तास बसायला आधी माणूस चांगला असावा लागतो. त्या गदारोळात एवढं एक माणूस शांत होतं, आणि त्याचा आधार तिथल्या सगळ्यांना झाला.

जाताना तुम्ही म्हणालात, पुढच्या वर्षी हीच सुट्टी येईल तेव्हा एखाद्या मुलाचं पोट उगाच दुखेल, कुणी चिडचिड करेल, आणि कारण त्यांनाही सांगता येणार नाही. तेव्हा तो दिवस उजाडायच्या आधी आपणहून विषय काढा. नवं कॅलेंडर भिंतीवर लावण्याआधी ती तारीख आम्ही बघून ठेवू. पेन्सिल जपून ठेवली आहे.

तुमचे ऋणी,
त्या दिवशी तिथे असलेल्या मुलांचे आईबाबा