ताआलच्या ट्रायसिकलवाल्या कुयांना

प्रिय कुया (म्हणजे आमच्या भाषेत दादा),
स. न. वि. वि.

तुमच्या ताआल गावाहून मनीलाला परतल्यावर मेसेज करून तुमचे आभार मानले होते, पण तेवढ्यानं माझं समाधान झालं नाही. हे पत्र मराठीत लिहितेय, कारण फिलिपिन्सला येणाऱ्या आमच्या मंडळींनी ते वाचावं असं वाटतं. तुमच्यासाठी मैत्रिणीकडून तागालोगमध्ये उतरवून घेईन.

माझी आई पहिल्यांदाच परदेशात आली होती. त्यात तिचे गुडघे दुखरे आणि ऊन कडक. भाडं ठरवायच्या आधी तुम्ही तिच्या पायांकडे पाहिलंत आणि ट्रायसिकलच्या, म्हणजे मोटरसायकलला जोडलेल्या, साइडकारखाली एक लाकडी पाट ठेवलात. मग दिवसभर प्रत्येक ठिकाणी आधी पाट उतरायचा, मग आई.

सेंट मार्टिनच्या बाझिलिकासमोर तुम्ही ज्या अभिमानानं उभे राहिलात, तो मला फार आवडला. ८८ मीटरहून अधिक लांबीची ही वास्तू आशियातलं सर्वांत मोठं कॅथलिक चर्च म्हणून ओळखली जाते. तुम्ही मात्र तिच्या आकाराआधी गावाच्या सोसण्याची गोष्ट सांगितलीत. पूर्वी ताआल गाव सरोवराकाठी होतं. १७५४ मध्ये ज्वालामुखीनं ते गाडलं आणि माणसांनी इकडे टेकडीवर नव्यानं घरं बांधली. इथलं चर्च १८४९ च्या भूकंपात पडलं, तेव्हा १८५६ पासून पुन्हा बांधायला घेतलं. जानेवारी २०२० मध्ये याच ज्वालामुखीतून पडलेल्या राखेबद्दल बोलताना तुमचा आवाज बदलला होता. मला पुढं काही विचारवलं नाही.

खरं ऋण आहे ते त्यानंतरचं. मार्सेला आगोन्सिलो यांच्या माहेरच्या घरात आई एका जागी खिळून राहिली. फिलिपिन्सचा पहिला राष्ट्रध्वज याच बाईंनी १८९८ मध्ये हाँगकाँगला शिवला. सोबतीला त्यांची लहानगी लेक लोरेन्सा आणि फिलिपिन्सचे राष्ट्रनायक होसे रिसाल यांची भाची डेल्फिना होती. हे मी आईला सांगितलं, तर तिचा पहिला प्रश्न, "ध्वजावरचा सूर्य भरतकामानं केला की कापड लावून?" तिनं उभं आयुष्य शिवणकाम केलंय. आमचं शिक्षण त्याच मशीनवर झालं. मी तुम्हाला हे ओझरतंच सांगितलं असेल. तुम्ही मान डोलावलीत, उरलेले वाडे बाजूला ठेवलेत आणि आम्हाला भरतकाम करणाऱ्या एका आजींच्या दारात नेऊन उभं केलंत.

आजींच्या लाकडी चौकटीवर अननसाच्या पानांच्या तंतूंचं कापड ताणलेलं होतं, इतकं तलम की खालचा तळहात दिसावा. सुईच्या टोकानं त्या एकेक धागा उचलून काढत होत्या आणि उरलेले धागे बांधून बारीक जाळी विणत होत्या. बारोंगच्या, म्हणजे इथल्या पुरुषांच्या पारंपरिक सदऱ्याच्या, छातीवर असते ती कालादोची जाळी. आईनं चष्मा वर केला, आजींनी सुई तिच्या हातात दिली. एकीची मराठी, दुसरीची तागालोग. तुम्ही दारात उभं राहून दोघींकडे कौतुकानं पाहत होतात. आमच्यामुळे तुमची इतर भाडी गेली असणार, पण तुम्ही एकदाही घड्याळ पाहिलं नाहीत.

कायसासायच्या देवळाकडे उतरणाऱ्या १२५ पायऱ्या आईला झेपणार नाहीत, हे तुम्ही न सांगता ओळखलंत आणि खालच्या रस्त्यानं नेलंत. पानसिपित नदीत १६०३ मध्ये हुआन मानिंगकाद या कोळ्याच्या जाळ्यात सापडलेली मारियेची ती इवलीशी लाकडी मूर्ती! आईनं पदर डोक्यावर घेऊन हात जोडले.

शाकाहारी माणसाचं ताआलच्या बाजारात कठीणच, जिकडेतिकडे तापा आणि लोंगानिसा, म्हणजे मुरवलेलं मांस आणि सॉसेज. तुम्ही दुकानं पालथी घालून आईसाठी पानात बांधलेला नारळाच्या दुधातला चिकट भाताचा सुमान आणलात आणि वर पानुत्सा. शेंगदाण्याची ती गोल वडी तोंडात टाकताच आई म्हणाली, "अगं, ही तर आपली चिक्की!" माझ्यासाठी कडक बाराको कॉफीही होतीच. संध्याकाळी जास्तीचे पैसे द्यायला लागले, तर तुम्ही ठरल्याइतकेच मोजून घेतलेत.

मनीलाहून दिवसभरासाठी ताआलला जाणाऱ्यांनी वाडे जरूर पाहावेत, पण तुमच्यासारख्या गावकऱ्याच्या हाती दिवस सोपवावा.

आता एक काम. आईनं गावी जाऊन सुती कापडावर तशी जाळी करायला घेतलीय. मधली नक्षी बरी जमते, पण धागे काढले की कड उसवत जाते. ती आधी टाचून घ्यायची की नंतर, एवढं आजींना विचारून कळवाल का? त्यांना आमचा नमस्कार सांगा.

तुमच्या ऋणात,
मनीलातली एक मराठी लेक आणि तिची आई