नीटच्या मार्कांएवढीच कागदांची तयारी करा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नीटचा निकाल लागला की दरवर्षी आपल्या पुण्यात चौकाचौकात क्लासवाल्यांचे फ्लेक्स लागतात, ७२० पैकी अमुक, बायोलॉजीत ३६० पैकी तमुक. मुलांचं कौतुक व्हायलाच पाहिजे, जीव तोडून अभ्यास केलेला असतो त्यांनी. पण माझी मुलगी गेल्या वर्षी या सगळ्यातून गेली आणि मला मनापासून सांगावंसं वाटतंय की मार्क मिळाले म्हणजे अर्धंच काम झालं, उरलेलं अर्धं काम कागदांचं असतं आणि त्याबद्दल दोन वर्षांत ना क्लासने आम्हाला एक शब्द सांगितला ना कॉलेजने.

आपल्याकडे मेडिकलला निबंध, मुलाखत असलं काही नसतं (सैन्यदलाचं पुण्यातलं मेडिकल कॉलेज एएफएमसी सोडून, त्याबद्दल खाली लिहिते), नीटचा रँक, कागदपत्रं आणि कॉलेजांचा पसंतीक्रम एवढ्यावरच सगळं. त्यातला रँक एकदा आला की आपल्या हातात राहत नाही, बाकीच्या दोन गोष्टी मात्र पूर्ण आपल्या हातातल्या असतात आणि तिथेच लोक मार खातात.

आम्ही ओबीसी. मुलीचा जातीचा दाखला होता, पण व्हॅलिडिटी, म्हणजे जात पडताळणीचं प्रमाणपत्र, नव्हती. बारावी झाल्यावर काढू म्हणून बसलो, ही आमची सगळ्यात मोठी चूक. व्हॅलिडिटीला ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, म्हणजे आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला शोधणं आलं. माझे मिस्टर जुन्नर तालुक्यातल्या आमच्या गावच्या शाळेत गेले, हेडमास्तरांनी कपाटातून जुनं जनरल रजिस्टर काढलं, पानं इतकी जीर्ण की बोट लावलं तर कोपरा तुटायचा, आणि त्यात सासऱ्यांचं नाव सापडलं, जातीची नोंदही बरोबर होती, पण नाव होतं 'भिका' आणि बाकी सगळ्या कागदांवर 'भिकाजी'. त्या एका 'जी' वरून आमचं प्रकरण त्रुटीत निघालं. मग प्रतिज्ञापत्र, वंशावळ, चुलत सासऱ्यांचा उतारा, परत चकरा. मिस्टरांच्या सगळ्या रजा त्यात संपल्या. कागद अपलोड करायची मुदत संपायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी व्हॅलिडिटी हातात पडली, तोपर्यंत घरात कोणी नीट जेवलेलं नव्हतं. आमच्याच सोसायटीतल्या एका मुलाचं मात्र वेळेत आलं नाही, तो ओपनमध्ये धरला गेला आणि सरकारी सीट गेली, आता पोरगं परत रिपीट करतंय. सरकार कधीकधी मुदतवाढ देतं हे खरं, पण तिच्या भरवशावर पोराचं वर्ष लावायचं का?

म्हणून अकरावी सायन्सला ॲडमिशन झाल्या झाल्या कॉलेजचं पत्र घेऊन व्हॅलिडिटीचा अर्ज करून टाका. नॉन क्रिमीलेअरची (घरचं उत्पन्न मर्यादेत असल्याच्या दाखल्याची) मुदत ३१ मार्चला संपते, दहावीच्या वेळी काढलेलं फाईलमध्ये पडून असतं आणि ते संपलंय हे लोकांना जुलैत कळतं, तेव्हा सेतू केंद्रात उभं राहायला जागा नसते. दुसरं म्हणजे ऑल इंडिया कोट्याच्या १५ टक्के जागांसाठी ओबीसीचा दाखला केंद्राच्या नमुन्यातला लागतो, राज्याचा चालत नाही, हे आम्हाला रांगेत पुढे उभ्या असलेल्या एका बाईंनी सांगितलं! डोमिसाईल सगळ्यांनाच लागतं, ओपनवाल्यांनाही. आणि आधार, दहावीचं सर्टिफिकेट, नीटचा फॉर्म या सगळ्यावर नावाचं स्पेलिंग एकच आहे ना हे आजच बघून घ्या.

आता पसंतीक्रम. पुण्यातली कॉलेजं एकाच माळेतली नाहीत हे खूप पालकांना माहीतच नसतं. बीजे मेडिकल कॉलेज सरकारी, फी त्यामानाने कमी, ८५ टक्के जागा राज्याच्या सीईटी सेलकडून (राज्याचे प्रवेश करणारं कार्यालय) भरतात, पण एमबीबीएसनंतर १ वर्षाची बाँडची, म्हणजे सक्तीची सरकारी सेवा असते, नाही केली तर १० लाख भरायचे. महापालिकेचं अटलबिहारी वाजपेयींच्या नावाचं कॉलेज २०२१-२२ ला सुरू झालं, १०० जागा, पण ते ट्रस्टचं आहे, नावात महापालिका आहे म्हणून फी बीजेसारखी असेल असं समजू नका. काशीबाई नवले खाजगी, तेही राज्याच्याच प्रक्रियेत. भारती आणि पिंपरीचं डी. वाय. पाटील मात्र अभिमत विद्यापीठं, त्यांचे प्रवेश दिल्लीच्या एमसीसीकडून (केंद्राची मेडिकल प्रवेशाची समिती), म्हणजे वेगळं रजिस्ट्रेशन, वेगळं डिपॉझिट. एएफएमसीसाठीही एमसीसीवरच नोंदणी, नंतर इंग्रजी आणि लॉजिकची वेगळी परीक्षा, मानसिक चाचणी, मुलाखत आणि मेडिकल तपासणी. तिथे मुलींना ३० च जागा असतात आणि पुढे सैन्यदलात सेवा करावी लागते, त्याबद्दल घरात बसून बोलून घ्या आधी.

यादी भरताना माझं एकच म्हणणं, रँकला कोणतं लागेल याचा अंदाज बांधत बसू नका, मनापासून जे हवंय ते वर टाका आणि जिथे जाणारच नाही ते टाकूच नका. आणि स्टेटस रिटेन्शनचा, म्हणजे मिळालेलं कॉलेजच कायम ठेवायचा, फॉर्म घाईत भरू नका, तो भरला की पुढच्या राऊंडला चांगलं कॉलेज मिळायचा चान्स संपला. आमच्या मुलीने सायबर कॅफेत न भरता घरी बसून, प्रत्येक कॉलेजची फी आणि हॉस्टेल वहीत लिहून दोन रात्री जागून यादी केली. धुळ्याला लागली, सरकारी. घरापासून लांब आहे पण खूश आहे ती.

क्लासवाल्यांना आणि ज्युनियर कॉलेजांना माझी हात जोडून विनंती आहे, वर्षाला लाखाच्या वर फी घेता तर अकरावीच्या पहिल्या महिन्यात पालकांची एक मीटिंग फक्त कागदपत्रांवर घ्या, दोन तास पुरतात. ज्यांच्या घरात आधी कोणी कॉलेजलाच गेलेलं नाही त्या पोरांना हे सांगणार कोण? आणि संपादकसाहेब, आपल्याकडेही एक मागणं आहे, निकालाच्या दिवशी आपण टॉपरचे फोटो छापता तसंच दिवाळीच्या सुट्टीत एकदा पुणे पानावर या कागदांची यादी छापा. तेव्हा गावाला गेलेली माणसं शाळेतून जुना उतारा काढायच्या मागे लागू शकतात.

आपली नम्र,
एक पालक, धायरी, पुणे