घड्याळाच्या पट्ट्याबद्दलही लिहा की

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीतला महागड्या स्पोर्ट्स घड्याळांवरचा लेख दोनदा वाचला. डायल, आतलं मशीन, किती मीटर खोल पाण्यात चालतं, सगळं व्यवस्थित होतं पण ब्रेसलेटबद्दल, म्हणजे धातूच्या कड्यांच्या पट्ट्याबद्दल, काय तर "सोबत स्टीलचा पट्टा", बस्स. हे वाचून खरंच वाईट वाटलं म्हणून लिहायला बसलो, कारण घड्याळ दिवसभर हातात ठेवावंसं वाटतं की घरी आल्याआल्या काढून टेबलावर ठेवतो हे माझ्या मते मशीनपेक्षा पट्टाच जास्त ठरवतो.

ज्या घड्याळांमुळे हा लक्झरी स्पोर्ट्स प्रकार सुरू झाला तीच घ्या ना. १९७२ साली ऑडेमार पिगे या कंपनीचं रॉयल ओक आलं, जेराल्ड जेंटा यांचं डिझाइन, अष्टकोनी बेझल (डायलभोवतीचं कडं) आणि त्यावर आठ स्क्रू हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्यातली खरी करामत ब्रेसलेटची आहे. केस (म्हणजे मशीन बसवलेली धातूची डबी) कुठे संपते आणि पट्टा कुठे सुरू होतो ते कळतच नाही, आणि प्रत्येक कडी आधीच्या कडीपेक्षा जराशी अरुंद, असं करत करत ते क्लॅस्पपर्यंत (पट्टा बंद करायच्या कुलपापर्यंत) निमुळतं होत जातं. म्हणजे एकसारख्या कड्या पाडून जोडल्या असं नाही, जवळजवळ प्रत्येक कडीचं माप वेगळं. १९७६ मध्ये जेंटांनीच पाटेक फिलिपसाठी नॉटिलस केलं, १९७७ मध्ये वाशरॉन कॉन्स्टँटिनचं २२२ आलं, तिथेही तेच, पट्टा आणि केस एकाच अंगाचे. या घड्याळांचा पट्टा मनातल्या मनात काढून बघा, अर्धं घड्याळ गेलं. अर्थात याची दुसरी बाजू आहे, अशा घड्याळाला बाजारातला साधा पट्टा बसत नाही, कंपनीकडे किंवा खास त्या मॉडेलसाठी पट्टे बनवणाऱ्याकडेच जावं लागतं, आणि हे घेणाऱ्याला आधी कुणीतरी सांगायला हवं.

आता दुसरं उदाहरण. रोलेक्सचं जीएमटी मास्टर टू, लाल निळ्या बेझलचं, २०१८ मध्ये स्टीलमध्ये आलं ते ज्युबिली ब्रेसलेटवर, आणि २०२१ पासून तेच घड्याळ ऑयस्टर ब्रेसलेटवरही मिळायला लागलं. डायल तेच, मशीन तेच, पण दोन्ही शेजारी ठेवा, दोन वेगळी घड्याळं वाटतात. ऑयस्टरच्या तीन रुंद कड्या, दिसायला दणकट, कामाचं घड्याळ. ज्युबिलीत एका ओळीत पाच तुकडे, मधले तीन गोल आणि चकचकीत, ते मनगटावर कापडासारखं पडतं आणि हात हलला की चमकतं. हे ज्युबिली मुळात १९४५ साली डेटजस्टसाठी केलेलं, म्हणून त्यावर जीएमटी थोडं नटलेलं दिसतं. कुणाला आवडेल कुणाला नाही, मला स्वतःला ऑयस्टरच बरं वाटतं.

निमुळतेपणा ही तर अशी गोष्ट आहे की फोटोत कळत नाही पण हाताला लगेच कळते. ओमेगाने २०२१ मध्ये स्पीडमास्टरचं ब्रेसलेट बदललं, लगपाशी (केसला पट्टा जोडतात तिथे) २० मिलिमीटर आणि क्लॅस्पपाशी १५. ते पाच मिलिमीटर कमी झाल्याने मनगटाखालचा भाग हलका होतो, बाहीत अडकत नाही, टेबलावर हात टेकला तरी टोचत नाही. पण टोकाला जाऊन चालत नाही हेही खरं, घड्याळाचं डोकं, म्हणजे डायलचा भाग, जड आणि पट्टा अगदीच हलका असेल तर डोकं सारखं बाहेरच्या बाजूला कलंडतं. जाड डायव्ह वॉचला (पाणबुड्यांच्या घड्याळाला) पातळ नायलॉनचा पट्टा लावून बघा म्हणजे कळेल.

माझं स्वतःचं सांगतो. ४२ मिलिमीटरचं स्टीलचं डायव्ह वॉच घेतलं, दुकानात कड्या कमी करून दिल्या, आणि पुढचं जवळजवळ वर्षभर मला ते घड्याळ आवडेनासं झालं. टाइप करताना क्लॅस्पची कड करंगळीच्या बाजूने हाडाला लागायची. विकायचंच ठरवलं होतं. मग एका रविवारी सहज उलटं करून कड्या मोजल्या तर दोन्ही कड्या एकाच बाजूने, बाराच्या बाजूने काढलेल्या, त्यामुळे क्लॅस्प मनगटाच्या मध्यावर येतच नव्हता. सहाच्या बाजूची एक कडी काढली, बाराच्या बाजूला एक परत लावली, एवढंच केलं, आणि घड्याळ अगदी बरोबर बसलं. ते आजही माझ्या हातात आहे.

क्लॅस्पचंही तसंच. गरमीत मनगट फुगतं, थंडीत उतरतं, त्यामुळे सकाळी बरोबर बसलेलं दुपारी आवळतं. रोलेक्सच्या ग्लाइडलॉकमध्ये दोन दोन मिलिमीटरने लांबी वाढवता येते, ट्यूडरच्या टी फिटमध्ये एकूण आठ मिलिमीटर, तेही कुठल्याही हत्याराशिवाय. ज्या महाग घड्याळात ही सोय नाही तिथे लेखात ते स्पष्ट लिहायला हवं, कारण रोज जाणवणार आहे ते हेच.

जुनं घड्याळ घेणाऱ्यांसाठी एक. घड्याळ आडवं धरा, डायल बाजूला करून, आणि पट्टा कसा लोंबतो ते बघा. फार लोंबत असेल तर लोक म्हणतात ब्रेसलेट ताणलं गेलंय, पण स्टील ताणलं जात नाही, कड्यांमध्ये धूळ आणि घाम साचून त्याची घासणारी पेस्ट होते आणि पिना व भोकं झिजतात. कोमट पाणी, साधा साबण आणि मऊ ब्रश, अधूनमधून एवढं केलं तरी खूप फरक पडतो, फक्त क्राउन (बाजूची चावी) नीट बंद आहे ना ते आधी बघा.

रबराला कमी समजू नये हेही सांगायचं होतं. उब्लोने १९८० मध्येच सोन्याच्या घड्याळाला रबराचा पट्टा लावला, पाटेकचं ॲक्वानॉट १९९७ मध्ये रबरी पट्ट्यावरच आलं. पोहणाऱ्याला, खूप घाम येणाऱ्याला किंवा निकेलची ॲलर्जी असणाऱ्याला तोच बरा.

तर विनंती एवढीच, पुढच्या वेळी घड्याळावर लिहाल तेव्हा पट्टा लगपाशी किती रुंद, क्लॅस्पपाशी किती, ब्रेसलेटसकट एकूण वजन किती आणि क्लॅस्पवर लांबी कमीजास्त करता येते का, या चार गोष्टी जरूर द्या. जागा कमी पडली तर डायलच्या रंगाचं वर्णन थोडं कमी केलंत तरी चालेल.

आपला,
एक नियमित वाचक