पिठातल्या किड्याबद्दल आभार

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

आपण निवृत्त झाल्यालाही आता बरीच वर्षे झाली. हे पत्र आपल्याला एकटीला न लिहिता चारचौघांत लिहिते आहे, कारण ज्या गोष्टीबद्दल आभार मानायचे आहेत, ती आमच्या घरात चारचौघांतच चुकीची सांगितली जात होती.

आमच्या घराची कथा सोलापूरच्या पूर्व भागातल्या कित्येक घरांसारखीच होती. आजोबा रिकाम्या हातांनी आले, गिरणीत लागले, पुढे चादरीचे दोन यंत्रमाग टाकले आणि घर उभे केले. या कथेत आजीच्या वाट्याला दोनच वाक्ये येत. एक, 'ती बिड्या वळून हातभार लावायची.' दुसरे, आवाज खाली आणून, 'तिने ओळीने चार मुलीच दिल्या, पाचव्या खेपेला कुठे मुलगा झाला.' तो पाचवा म्हणजे माझे वडील. त्या चार खेपांत आजीने काय काय ऐकून घेतले असेल, हे विचारावे असे आम्हा नातवंडांपैकी कुणालाही सुचले नव्हते.

दहावीला आनुवंशिकतेचा पाठ होता त्या दिवशी आपण घरून पिठाची चाळणी घेऊन आलात. चाळणीतले तांबूस किडे कागदावर झटकून आपण सांगितले की, याच कुळातल्या पण आकाराने मोठ्या किड्याच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली तपासून नेटी स्टीव्हन्स या अमेरिकन संशोधिकेने 1905 मध्ये एका जुन्या प्रश्नाचे उत्तर दिले. मादीच्या पेशीत 20 मोठी गुणसूत्रे होती. नराच्या पेशीत 19 मोठी आणि 1 अगदी छोटे. नराच्या निम्म्या शुक्रपेशींत मोठे जाते, निम्म्यांत ते छोटे, आणि संतती नर की मादी हे त्यावरून ठरते. अंड्यांत तसा फरकच नसतो. त्याआधी भलेभले अभ्यासक आईच्या आहाराकडे बोट दाखवत असत. एडमंड विल्सन हेही त्याच वर्षी स्वतंत्रपणे अशाच निष्कर्षाकडे आले होते, हे सांगायला आपण विसरला नाहीत. मात्र श्रेय बराच काळ विल्सन यांच्याच नावावर राहिले, आणि स्टीव्हन्स तर 1912 मध्येच वारल्या.

मग आपण जे म्हणालात ते मला अजून पाठ आहे. बाई म्हणजे शेत आणि पुरुष म्हणजे बी, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगणाऱ्यांनीच मुलगी झाली की दोष शेताला द्यावा, हे कसे? मंगळवेढ्याचा शेतकरी तरी ज्वारीच्या जागी करडई उगवली म्हणून जमिनीला शिव्या देतो का? वर्ग हसला. लगेच आपण बजावलेत की हा बापाचाही दोष नव्हे, कारण यात कुणाची इच्छा चालत नाही. 'शुक्राणू शर्यत जिंकतो आणि अंडे वाट पाहत बसते' हे आमच्या गाइडमधले वाक्यही आपण त्याच तासाला खोडायला लावलेत. चांग आणि ऑस्टिन या संशोधकांनी 1951 मध्ये वेगवेगळे काम करून दाखवले होते की, शुक्राणूला फलनाची क्षमताच मुळी मादीच्या शरीरात काही काळ राहिल्यावर येते. (परीक्षेत मी तसे लिहिले आणि माझा अर्धा गुण गेला, त्याचे दुःख तेव्हा फार झाले होते.)

तास संपताना आपण मला म्हणालात, "घरी जाऊन आजीलाच विचार, तिची गोष्ट ती कशी सांगते."

मी विचारले. मांडीवर सूप, ओल्या फडक्यात तेंदूची पाने, शेजारी कात्री. बिडीचे तोंड नखाने दुमडता दुमडता, मान वर न करता तिने हिशेबच सांगितला. पहिल्या मागाच्या वेळी गिरणीतले पैसे होते. दुसऱ्या मागाचा इसार तिच्या बिडीच्या मजुरीतून गेला होता आणि पुढचे हप्तेही. दिवसाला हजार बिड्या, त्यातून छाट, म्हणजे नापास ठरवून बाजूला काढलेल्या बिड्या, निघेल ती वेगळी. 'हातभार' हा शब्द मी त्यानंतर घरात वापरलेला नाही. किड्याची हकिकत मात्र मी तिला सांगितली तेव्हा तिचे हात थांबले. बराच वेळ ती काही बोलली नाही, मग म्हणाली, "हे कुणी आधी का नाही सांगितलं?"

गेल्या महिन्यात माझ्या चुलतभावाच्या दुसऱ्या मुलीचे बारसे झाले. पाहुण्यांपैकी कुणीतरी सवयीने "यंदाही मुलगीच का?" असे त्याच्या बायकोला विचारले. पाळण्याशेजारी बसलेली आजी ताडकन म्हणाली, "तिला काय विचारतो? ते ह्याच्याकडनं ठरतंय. आमच्या पोरीच्या बाईंनी शोध लावलाय, पिठातल्या किड्यावरून."

बाई, हा शोध आपलाच, अशी तिची पक्की समजूत आहे. स्टीव्हन्स यांचे नाव मी तिला चारदा सांगितले, पण ते काही तिच्या जिभेवर बसत नाही.

आपली विद्यार्थिनी,
सोलापूर