बाबांच्या गाठींचा रिपोर्ट

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबांच्या गाठीतून तपासायला काढलेल्या तुकड्याचा रिपोर्ट आला. फोनवर सांगायला गेले की बाबा मोहोराच्या फवारणीवर येतात आणि आईचा आवाज भरून येतो, म्हणून लिहूनच कळवतेय.

छातीवरच्या त्या जांभळट गाठींत ल्युकेमिया नाही. डॉक्टरांना धास्ती होती ती त्याचीच. गाठींत सापडलंय ते तयार होत असलेलं रक्त. तांबड्या पेशींची, पांढऱ्या पेशींची पिल्लं आणि प्लेटलेट बनवणाऱ्या मोठ्या पेशी, मेगाकॅरिओसाइट. हे सगळं हाडाच्या आत असायला हवं, ते कातडीत आहे.

बाबा, तुमच्या कमरेच्या हाडात सुई घातली तेव्हा ओढूनही मगज आला नव्हता. 'कातळात बोअर फेल गेली' असं तुम्हीच म्हणाला होतात. तुमचा हा आजार, मायलोफायब्रोसिस, म्हणजे तेच: आत तंतूंचं जाळं माजतं आणि रक्त बनवणाऱ्या पेशी बाहेर पडून दुसरीकडे बस्तान मांडतात. बहुतेक वेळा प्लीहेत आणि यकृतात. पेजेचे चार घास खाल्ले की तुमचं पोट गच्च होतं, ते वाढलेल्या प्लीहेमुळेच. कातडीत असं होणं फार क्वचित. आईच्या पोटात असताना बाळाचं रक्त हाडांच्या आधी यकृत-प्लीहेत बनतं, हाडांकडे ते काम नंतर येतं. गरोदरपणी रुबेला झाला तर काही बाळं अशाच जांभळ्या डागांनी जन्माला येतात, त्या डागांतही रक्त बनत असतं.

वाडीत सगळे नागीण म्हणाले, त्यांना हसू नका. बाबांच्या या आजारावरच्या रुक्सोलिटिनिब गोळीने नागिणीचा धोका खरोखरच वाढतो. पण नागीण सहसा एकाच बाजूला पट्ट्यासारखी उठते, पाण्याचे फोड येतात, आग होते. इथे तसं काही नाही. तेव्हा आई, कोकमाचं तेल चोळणं आता बंद कर. मूळ हाडात आहे, वरून लावून उपयोग नाही.

एक मात्र लपवत नाही. अशा गाठी येणं म्हणजे मूळ आजार पुढे सरकत असण्याची शक्यता आहे. म्हणून रक्ताच्या डॉक्टरांना लगेच दाखवायचंय. ते रक्त पुन्हा तपासतील, कदाचित हाडाचीही तपासणी सांगतील, औषध बदलायचं का ते ठरवतील. गोळी मात्र मनाने बंद करू नका, एकदम सोडली तर त्रास उलटतो.

फवारणीचं काका बघतील, मी बोललेय त्यांच्याशी. कणकवलीहून कोकणकन्याची तिकिटं काढते. निघण्याआधी लॅबमधून नुसता कागद नाही, काचेवरची स्लाइड आणि गाठीचा तुकडा ज्यात ठेवलाय तो मेणातला ब्लॉकही मागून घ्या, इथे पुन्हा बघणार आहेत. आणि आई, रात्री घामाने बाबांचा बनियन भिजतो का, वजन किती उतरलं, हे तू लिहून आण. ते स्वतः डॉक्टरांना 'काही नाही, बरं आहे' एवढंच सांगतील.

तुमची लेक