साल न छापलेल्या तबकड्या

मा. केंद्रीय वाणिज्य व उद्योगमंत्री यांस,

स. न. वि. वि.

माझ्यासमोर ७८ आरपीएमची (मिनिटाला ७८ फेरे घेणारी) ग्रामोफोनची एक लाखेची तबकडी आहे. लेबलवर गायिकेचं नाव, राग, क्रमांक. लेबलच्या कडेला लाखेत उमटलेला आणखी एक बारीक आकडा, तिरप्या उजेडात धरला तरच दिसतो. साल मात्र कुठेच नाही. आणि आपल्या कॉपीराइट कायद्याचं सगळं गणित सालावर. २०१६ पासून हा विषय आपल्या मंत्रालयाकडे आहे, म्हणून आपल्यालाच लिहितोय.

१९५७ च्या कायद्यानुसार ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो. म्हणजे १९६४ ची तबकडी ३१ डिसेंबर २०२४ ला मोकळी झाली. पण शब्दांचा आणि चालीचा हिशेब वेगळा. कवी १९९० साली गेला असेल, तर त्याचे शब्द २०५० अखेरपर्यंत राखीव. त्याबद्दल तक्रार नाही, वारसांना त्यांचं मिळायलाच हवं. पण ते आहेत कुठे, हे तरी कळावं!

मालक सापडत नसेल तर परवान्यासाठी कलम ३१-अ आहे. त्याची पहिली पायरी कोणती, तर देशभर खपणाऱ्या इंग्रजी दैनिकात जाहिरात. तीन मिनिटांच्या ठुमरीसाठी, तीही फुकट ऐकवायची. मग संग्राहक एक तर गुपचूप अपलोड करतात, नाहीतर तबकडी कपाटात ठेवतात.

मी एक गाणं इंटरनेटवर अपलोड करून पाहिलं. दोन दिवसांत कॉपीराइटचा दावा आला. कुणीतरी तेच गाणं सीडीवर काढलं होतं आणि संकेतस्थळाच्या यंत्रणेने आपोआप आवाज जुळवला. हरकत घेतली, तर प्रसिद्धीच्या सालाचा पुरावा मागितला. शेवटी एका मित्राकडे तबकड्यांच्या जुन्या कॅटलॉगचं फाटकं पान निघालं, त्यावर महिना-साल छापलेलं. दावा सुटला, चार महिन्यांनी.

अशी पानं घरोघरी विखुरली आहेत. कॉपीराइट कार्यालयाने ती गोळा करून स्कॅन करावीत, क्रमांक टाकला की साल दिसेल अशी सूची सर्वांना खुली करावी. आणि पैसे न कमावणाऱ्यांसाठी कलम ३१-अ ची ती जाहिरात कार्यालयाच्याच संकेतस्थळावर चालवून घ्यावी.

सोबत लेबलचा फोटो जोडला आहे. आपल्या कार्यालयात कुणाला साल सांगता आलं, तर जरूर कळवावं.

आपला,
एक तबकडी-संग्राहक