१४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर माझा गेम उघडणाऱ्या ताईंना

ताई, नमस्कार.

आपलं नाव कुठेही घालायचं नाही असं तुम्ही बजावलंय, म्हणून हे पत्र बिननावाचं. पण उघडं लिहितोय, कारण एकट्यादुकट्याने गेम बनवणारे माझ्यासारखे आणखी बरेच आहेत आणि तुम्ही मला जे सांगितलंत ते त्यांच्याही कामाचं आहे.

सुरुवात फजितीपासून करतो. मी पाठवलेला गेमचा पहिला बिल्ड, म्हणजे खेळता येईल अशी प्रत, तुम्ही उघडलात आणि माझा नायक बटण दाबताक्षणी धावत जाऊन खड्ड्यात पडला. पुन्हा दाबलं, पुन्हा पडला. माझ्याकडे तो अगदी शहाण्यासारखा चालायचा. तुमचं रेकॉर्डिंग बघून मी "तुमच्या मशीनमध्ये काहीतरी गडबड दिसतेय" असं कळवलं. (ते वाक्य आठवलं की अजून कान गरम होतात.) तुमचं उत्तर एका ओळीचं होतं: "माझा मॉनिटर १४४ हर्ट्झचा आहे."

दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावरचं चित्र बदलेल त्या प्रत्येक वेळी, नायक चार पिक्सेल पुढे सरकेल, असं मी लिहून ठेवलं होतं. माझ्याकडे सेकंदाला ६० फ्रेम पडायच्या, तुमच्याकडे १४४. म्हणजे तुमच्याकडे तो २.४ पट वेगाने पळत होता. दोन फ्रेमच्या मधे गेलेल्या वेळेने वेगाला गुणायचं, किंवा हालचालीचं गणित ठरावीक टप्प्यांनी चालवायचं, हे या धंद्यातलं पहिलीचं पुस्तक. ते मी वाचलंच नव्हतं, कारण मी थेट इंजिन, म्हणजे गेमच्या तळाशी चालणारा पायाभूत कोड, लिहायला बसलो होतो.

चौदा महिने! सी प्लस प्लस ही भाषा, चित्र-आवाज-बटणं हाताळणारी एसडीएल लायब्ररी आणि मी. स्वतःचा नकाशाचा फॉरमॅट, स्वतःची टक्कर तपासणारी यंत्रणा, अक्षरं काढणारा स्वतःचा कोड. आणि या सगळ्याच्या जिवावर पडद्यावर काय होतं, तर उड्या मारणारा एक लाल चौकोन. तुम्ही इंजिनाबद्दल एक अक्षरही काढलं नाहीत. फक्त विचारलंत, "उडी मारायला मजा येते का रे?" खरं सांगू, चौदा महिन्यांत मी ते कधी बघितलंच नव्हतं.

मग तुमच्या सांगण्यावरून गोडो हे तयार गेम इंजिन उघडलं. हुआन लिनिएत्स्की आणि आरिएल मान्सूर यांनी हे इंजिन २०१४ साली एमआयटी या मोकळ्या लायसन्सखाली खुलं केलं, एवढंच तोवर ऐकून होतो. लाल चौकोन तिथे दोन संध्याकाळींत उभा राहिला आणि त्यानंतरचा अख्खा आठवडा मी नुसती उडी घासत बसलो. कड्यावरून पाय सुटल्यावरही दहावा हिस्सा सेकंद उडीची मुभा द्यायची, ज्याला कोयोटी टाइम म्हणतात. जमिनीला टेकण्याच्या किंचित आधी दाबलेलं बटण विसरायचं नाही. वर जातानापेक्षा खाली येताना गुरुत्वाकर्षण थोडं जास्त ठेवायचं. खेळणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही, त्याला वाटतं आपला हातच बसलाय. तो आठवडा मला इंजिन लिहून कधीच मिळाला नसता.

मला तुमच्याकडून साधनांची यादी हवी होती. ती तुम्ही शेवटपर्यंत दिली नाहीत. उलट प्रत्येक साधनाला एकच प्रश्न विचारायला लावलात: उद्या हे बंद पडलं तर माझ्या हातात काय उरेल? आणि ब्लेंडर या थ्रीडी प्रोग्रामची गोष्ट सांगितलीत. २००२ साली ते बनवणारी कंपनी गुंडाळली गेली, तेव्हा टॉन रोसेनडाल यांनी लोकांकडून सात आठवड्यांत १ लाख युरो जमवून त्याचा सोर्स कोड सोडवून घेतला आणि त्याच ऑक्टोबरात तो जीपीएल या मुक्त लायसन्सखाली खुला झाला. "दर वेळी असा कोणी भेटतोच असं नाही," असंही पुढे म्हणालात. तेव्हापासून नवीन काही घेतलं की आधी त्याची फाईल दुसरीकडे उघडते का ते बघतो. चित्रं पीएनजीत, आवाज ओजीजीत, थ्रीडी असेल तर जीएलटीएफमध्ये. एसप्राइट या पिक्सेल-चित्रांच्या प्रोग्राममध्ये काढलेल्या ॲनिमेशनची मूळ फाईल तर ठेवतोच, शिवाय स्प्राइटशीट (सगळ्या फ्रेम एकत्र मांडलेलं चित्र) आणि तिची माहिती देणारी जेसन फाईल कमांड लाइनवरून आपोआप निघेल अशी सोय केली आहे. एसप्राइटची जुनी जीपीएल आवृत्ती धरून पुढे चालवलेलं लिब्रेस्प्राइटही आहे, हे तुमच्याकडूनच कळलं.

कामातल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटची गोष्ट मात्र सावकाश सांगायला हवी. तोवर माझा बॅकअप म्हणजे आपोआप सिंक होणारं एक फोल्डर. एकदा लॅपटॉप आणि डेस्कटॉप दोन्हींवर एकच लेव्हल उघडी राहिली आणि त्या फोल्डरने दोन्ही प्रतींची अशी काही खिचडी केली की तीन आठवड्यांचं काम गेलं. रडगाणं घेऊन तुमच्याकडे आलो तर तुम्ही सांत्वन वगैरे काही केलं नाही. गोडोची सीन फाईल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून दाखवलीत. ती वाचता येते! दरवाजा कुठे आहे, त्याची जागा किती, सगळं ओळीओळीत. मग गिटमध्ये टाकून दोन कमिटमधला, म्हणजे नोंदवलेल्या दोन टप्प्यांमधला, फरक काढून दाखवलात. मोठ्या ध्वनिफायली आणि थरांची चित्रं मोठ्या फायलींसाठीच्या एलएफएसमध्ये, गोडोची स्वतःची कॅश गिटने वगळायच्या यादीत, म्हणजे गिटइग्नोरमध्ये. तेवढी घडी बसवायला अर्धा तास लागला.

त्या अर्ध्या तासाची खरी किंमत सहा महिन्यांनी कळली. नायक लिफ्टवर चढला की तिच्यातून आरपार खाली पडायला लागला. कधीपासून, पत्ता नाही. शेवटचा चांगला बिल्ड आणि आजचा, यांत ९० कमिट. "गिट बायसेक्ट कर," एवढंच तुम्ही लिहिलंत. दर वेळी मधला कमिट काढायचा, खेळून बघायचा, चांगला की वाईट ते सांगायचं, की उरलेले निम्मे बाद. सात वेळा लिफ्टवर चढलो आणि गुन्हेगार हातात आला. नायक कोणत्या थरांवरच्या वस्तूंना टेकेल ते ठरवणारा कोलिजन मास्क ३ (म्हणजे पहिला आणि दुसरा थर) असल्याची ओळ सीन फाईलमधून गायब होती. नावं नीटनेटकी करताना माझाच हात एका चौकटीवर पडला असणार. मास्क मूळ १ वर, म्हणजे फक्त पहिल्या थरावर आला, आणि लिफ्ट होती दुसऱ्या थरावर. डोळ्यांनी शोधत बसलो असतो तर आठवडा गेला असता आणि वर लिफ्टचा कोड नव्याने लिहून ठेवला असता.

आवाजाचं थोडक्यात. एसएफएक्सआर हा छोटासा प्रोग्राम टोमास पेटरसन यांनी २००७ साली लुडम डेअर या ४८ तासांच्या स्पर्धेसाठी केला, म्हणजे स्पर्धकांना आवाजावर वेळ घालवावा लागू नये. नाणं, स्फोट, उडी अशी बटणं दाबत जायचं आणि कानाला पटलं की थांबायचं. माझे निम्मे आवाज त्यातलेच आहेत. पाय टेकल्याचा आवाज मी माइकवर घेतला होता, आणि तो ऐकून तुम्ही म्हणालात की नायक जड वाटतो. मी गुरुत्वाकर्षण बदलत बसलो! शेवटी तुम्ही ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या प्रोग्राममध्ये त्या आवाजाची लाट मोठी करून बघायला सांगितलंत. सुरुवातीला ८० मिलिसेकंद नुसती शांतता. सेकंदाला ६० फ्रेमच्या हिशेबाने जवळजवळ पाच फ्रेम उशीर. ती कापली आणि नायक हलका झाला.

मंद पडणाऱ्या चौथ्या लेव्हलसाठी मी शेडरला, म्हणजे पडद्यावरचे रंग-उजेड ठरवणाऱ्या कोडला, दोष देत होतो. कुठे किती वेळ जातो ते मोजणारा प्रोफायलर लावला तर कळलं, ४० शत्रू दर फ्रेमला नायकापर्यंतचा रस्ता नव्याने शोधत होते. एका फ्रेमला मिळतात १६.७ मिलिसेकंद, त्यातले ११ इथेच जात होते. आता ते सेकंदाला पाचदाच आणि आळीपाळीने शोधतात. खेळणाऱ्या कोणालाही फरक कळलेला नाही. शेडरची क्षमा मागायची राहिली आहे.

आणि अक्षरं. माझ्या जुन्या इंजिनात 'किल्ली'ची पहिली वेलांटी क च्या पलीकडे जाऊन बसायची आणि जोडाक्षरांचे पाय मोडलेले दिसायचे. मला वाटायचं, फॉन्ट वाईट आहे. एकेक अक्षर काढून शेजारी चिकटवणं म्हणजे लिपी मांडणं नव्हे, त्यासाठी हार्फबझसारखी शेपिंगची लायब्ररी लागते, हे तुम्ही समजावलंत. २०२३ मध्ये आलेल्या गोडो ४ मध्ये ती आतच आहे. नोटो सान्स देवनागरी लावला आणि किल्ली ताळ्यावर आली.

एका बाबतीत मात्र तुमचं ऐकलेलं नाही. कामांची पाटी, तिच्यावर रंगीत कार्डं, दर आठवड्याचा आढावा, हे मी तीनदा सुरू केलं आणि तीनदा कार्डांचे रंग ठरवण्यातच शनिवार घालवला. आता एक वही आहे. बग सापडला की ओळ लिहायची, सुटला की खोडायची. तुम्ही नाक मुरडाल, मुरडा. नकाशे काढायचं टाइल्डही सोडलं. तुम्हाला ते प्रिय आहे, ठाऊक आहे, पण माझ्या नकाशांना गोडोतला टाइल एडिटर पुरतो.

गेल्या आठवड्यात श्रेयनामावलीचा पडदा केला. गोडोच्या एमआयटी लायसन्सची सूचना सोबत द्यावी लागते, इंजिन ज्या लायब्रऱ्या वापरतं त्यांच्याही द्याव्या लागतात. दोन आवाज सीसी-बाय लायसन्सचे आहेत, त्यांच्या कर्त्यांची नावं घातली. यादी लांबतच गेली. ज्यांच्याशी कधी बोललो नाही अशा माणसांची नावं तिथे कायद्याने आली आणि माझे सगळ्यात जास्त तास वाचवणाऱ्या बाईंचं नाही, कारण त्यांच्या लायसन्समध्ये नेमकी उलटी अट आहे. अट पाळली आहे. या पत्राबद्दल मात्र तुमच्या लायसन्समध्ये काही लिहिलेलं नव्हतं.

नवा बिल्ड टाकलाय. बटलर या बिल्ड चढवायच्या साधनाने चढवतो हल्ली, बदललेला भागच तेवढा वर जातो. सहाव्या लेव्हलमधला दरवाजा अजून कधीकधी अडतो, वहीत ४१ नंबरला आहे. तुमच्या त्याच मॉनिटरवर उघडा, आणि नायक खड्ड्यात गेला तर रेकॉर्डिंग पाठवा. या वेळी मशीनचं नाव काढणार नाही.

तुमचा,
लाल चौकोनवाला